शेऱ्याच्या रकान्यातली मांजर

२ फेब्रुवारी, सोमवार

मामांनी आज मला दोन वह्या दिल्या. एक आडवी, लांबोडकी, रकाने आखलेली: तारीख, वेळ, कुठून शिरली, काय नुकसान केलं, शेरा. ती सरकारी. म्हणजे सरकारची नाही, पण मामा तिच्याबद्दल त्याच सुरात बोलतात. दुसरी ही, साधी, पुठ्ठ्याची. "तुझ्या डोक्यात जे इकडचं तिकडचं येतं ते हिच्यात लिही, तिच्यात नको," म्हणाले. मामा आयुष्यभर जमिनी मोजत आले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्यांना वाटतं की माणसाच्या डोक्यातही खुंट्या ठोकून सुतळी ताणता येते.

तर काम असं. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहतात. अख्खी गल्ली त्यांना शिवणकाकू म्हणते. त्यांची मांजर रोज भिंतीवरून मामांच्या मागच्या बागेत उतरते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा गाजराचा वाफा उकरते. मामांनी नगर कार्यालयात तक्रार ठोकलीय. सुनावणी वीस तारखेला. नियम असा की जनावर दहा वेगवेगळ्या दिवशी दुसऱ्याच्या आवारात शिरलं अशी साक्षीदाराची लेखी नोंद असली, तर मालकाने ते कायमचं घरात कोंडायचं, नाहीतर प्राणिगृहात जमा करायचं. शिवणकाकूंची पुढची खोली म्हणजेच दुकान, दार दिवसभर सताड उघडं. कोंडणार कुठे? म्हणजे जमाच.

"मग तुम्हीच का नाही लिहीत?" मी विचारलं.

"ती येते चार ते सव्वापाचच्या मधे. चार ते सव्वापाच मी फिरायला जातो."

"एक दिवस नका जाऊ."

मामांनी चष्मा काढला. मी काहीतरी अभद्र बोललो असणार. "दहा वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. तुझ्या मामीने लावलेली सवय आहे. चार वाजले की हाताला धरून बाहेर काढायची. गुडघे आखडतील म्हणायची. पाऊस असला तर छत्री द्यायची, पण काढायचीच. वर दम, सव्वापाचच्या आत दारात दिसलात तर बघा. इतकी काळजी."

मामी गेली त्याला अकरा महिने झाले. मी तेव्हा एका बंदरावर कंटेनरांवर आकडे रंगवत होतो. निरोप पोचायला तीन आठवडे लागले. आणि पोचल्यावरही मी आलो नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक ती नसलेलं घर बघायचं नव्हतं, आणि बघायला नको म्हणून मी आणखी लांब गेलो. मामांनी तो विषय काढलेला नाही. "महिनाभर राहा, खा, पी. पण भटक्या, एवढं एक काम शेवटापर्यंत कर," इतकंच म्हणाले.

मी नववीत शाळा सोडली. त्यानंतर सोडलेल्या गोष्टींची यादी करायला आणखी एक वही लागेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली नोंद! चार बत्तीसला आली. राखाडी, छाती पांढरी, डाव्या कानाला चीर. भिंतीच्या टोकापर्यंत तोलात चालत गेली, पाण्याच्या टाकीवर उतरली, तिथून खाली. गाजराची अकरा रोपं उपटली. पण गंमत म्हणजे उकरण्यात तिला काही रस नव्हता. दोनचार पंजे मारले, जागा सारखी केल्यासारखी केली, आणि त्या जागेवर बसून खिडकीकडे वर बघत राहिली. वीस मिनिटं! खिडकी बंद होती. मी आत ओट्याशी उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं, पण चुकीच्या दारात आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

मामा परत आल्यावर वही तपासली.

"हा काय शेरा?"

"जे दिसलं ते."

"'खिडकीकडे अशी बघत बसली जणू आतून कुणी हाक मारणार आहे.' शेरा म्हणजे एक ओळ, भटक्या. कादंबरी नव्हे."

"खोडू?"

"सरकारी नोंदीत खाडाखोड चालत नाही," मामा म्हणाले, आणि अकरा रोपं मोजायला गेले. अकराच होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल मांजर आली की नाही, माहीत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी समोरच्या रस्त्यावर क्रेन आली आणि विजेचा जुना खांब उपटायला लागली. खांबाचं जमिनीखालचं टोक वरच्यापेक्षा किती वेगळं असतं, हे मला कधीच कळलं नसतं. क्रेनवाल्याने मला आत बसू दिलं. खाली उतरलो तेव्हा साडेपाच.

मामांनी सरकारी वही उघडली. रकान्यात चार तारखेसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: साक्षीदार अनुपस्थित.

आज मात्र चोख. चार एकोणतीस, टाकीवरून, नुकसान दोन रोपं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मामांबरोबर बागेत. बाग मुळात मामीची. आता मामांनी तिची मोजणी केलीय. प्रत्येक वाफ्याला खुंट्या, सुतळ्या आणि चार कोपऱ्यांना चुन्याचे ठिपके. कोथिंबीरसुद्धा इथे वाकडी उगवायची हिंमत करत नाही.

"एक गोष्ट मला कळत नाही," खिडकीखालच्या वाफ्याशी उकिडवे बसत मामा म्हणाले. "ही साडेतीन बाय दोनची जागा. सगळ्या बागेत इथली माती चांगली. ऊन येतं, पाणी जवळ. आणि ती इथे काही लावायची नाही. इतकी वर्षं रिकामी. विचारलं तर म्हणायची, असू दे हो, पाय ठेवायला होते."

"मग?"

"मग काय? मी गाजर लावलं. चांगली जागा वाया का घालवायची?"

दुपारी तीच चार तीसची वेळ. आज तिने खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर पुढचे दोन पाय टेकले, आत डोकावली, उतरली, बसली. मांजरीला घड्याळ कसं कळतं? मी तासभर त्याचाच विचार करत होतो. बंदरावर एक कुत्रा होता, त्याला फक्त रविवार कळायचा.

९ फेब्रुवारी, सोमवार

मधले दोन दिवस बुडाले. एक दिवस झोपलो. दुसऱ्या दिवशी एक वेगळीच काळी मांजर दिसली, तिच्या मागे गेलो, ती एका छापखान्यात शिरली, आणि छापखान्यात शिरल्यावर मी काय लवकर बाहेर येतोय होय! मामांच्या कपाळावरची शीर आता मला ओळखीची झालीय.

आज सकाळी शिवणकाकूंकडे गेलो. निमित्त, माझ्या शर्टाचं बटण. मशीन खिडकीला लावलेलं, भिंतीवर कागदी नमुने टांगलेले, आणि कापडाच्या ढिगावर ही. काकूंनी मान वर न करता विचारलं, "तूच ना तो लिहिणारा?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय आहे, पण तोंडात टाचण्या धरलेल्या बाईशी नाही जमत.

"किती झाल्या?"

"तीन."

"रोज येते, आणि तुझ्या तीनच? नीट लक्ष दे की."

मला कळेना, ह्या कोणाच्या बाजूने आहेत. "काकू, दहा झाल्या तर तुमची मांजर जाईल."

"माझी मांजर," त्या म्हणाल्या आणि जरा हसल्या. "गुंडी म्हणते मी तिला. झोपायला माझ्याकडे असते, म्हणून माझी म्हणायची."

"जेवायला कुठे असते?"

टाचण्या पटापट कापडात टोचल्या गेल्या. "बटण लावायचंय ना? काढ शर्ट."

११ फेब्रुवारी, बुधवार

आज एक प्रयोग केला. मांजर येऊन गेल्यावर (चार एकतीस, नुकसान नाही) मी तिच्याच जागी, तिच्याच उंचीवर पडून बघितलं. गाजरांमध्ये पालथा, हनुवटी मातीवर. खालून खिडकी फार उंच दिसते. काच, छताचा तुकडा, आणि कुणी ओट्याशी उभं असेल तर त्याचे हात दिसतील. फक्त हात. तोंड नाही.

कठड्यावर एक गोल डाग आहे, बशीएवढा, तिथला रंग उडालेला. कुंडी असेल कधीकाळी.

तेवढ्यात मामा आले. सव्वापाच वाजले होते. माझ्या सदऱ्यावर माती, केसांत गाजराचा पाला.

"काय चाललंय?"

"जागेची पाहणी."

हे मात्र त्यांना पटलं. म्हणाले, "पाहणी उभ्याने करतात."

१४ फेब्रुवारी, शनिवार

शिवणकाकूंकडे माझं जाणं-येणं वाढलंय. त्या मला मोठ्या कापडाचं टोक धरायला बसवतात. आज मी सरळच विचारलं, "तुम्ही सुनावणीत काय सांगणार?"

"काही नाही."

"काहीच नाही? अहो, निदान म्हणा की मांजर नुकसान करत नाही. खरंच करत नाही फारसं. मी लिहिलंय तसं."

"अरे पोरा, माझ्यापाशी बोलायला एकच गोष्ट आहे, आणि ती बोलणार नाही असा मी शब्द दिलाय."

"मग ज्याला दिलाय त्याच्याकडून परत घ्या."

काकूंचा पाय मशीनवर थांबला. मग म्हणाल्या, "ते आता होण्यासारखं नाही."

गिऱ्हाईक असेल कुणीतरी, गाव सोडून गेलेलं. लोक शिवायला टाकतात, शब्द घेतात आणि निघून जातात. मीही तसाच. मला वाईट वाटलं, पण कापडाचं टोक सुटलं म्हणून ओरडा बसला आणि विषय राहिला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आठ झाल्या. मामांनी जेवताना नोंदी तारखेनुसार तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मग म्हणाले, अजून दोन. मी विचारलं, जनावरांवर एवढा राग का?

"राग नाही. घरात जनावर नको, एवढंच. एका मोजणीत कुत्रं चावलं होतं. मापाची साखळी माझ्या हातात, पळणार कुठे! लग्न झाल्यावर तुझ्या मामीने एकदा विचारलं होतं, एखादं मांजराचं पिल्लू आणू का म्हणून. मी नको म्हटलं. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही." घास हातात तसाच धरून मामा म्हणाले, "समजूतदार होती फार."

मग भांडी घासून झाल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखं: "ती गेल्यापासून ह्या मांजरीने डूख धरलाय माझ्या बागेवर. आधी कधी एक रोप हललं नव्हतं."

हे विचित्रच. मांजरीला कसं कळणार, बाग आता कोणाची आहे ते?

१८ फेब्रुवारी, बुधवार

नऊ.

मी नुसता नऊ हा आकडा लिहून बराच वेळ बसलोय. आज ती बसली असताना मी आतून खिडकी उघडली. तिने अंग उचललं, शेपूट ताठ, तोंडातून एक बारीकसा आवाज. मग मी दिसलो. शेपूट हळूहळू खाली गेली. माझ्याकडे बघून इतकं निराश अजून कुणी झालेलं नाही, आणि मी बऱ्याच लोकांना निराश केलंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

साडेतीनला काकूंकडे पळत गेलो. म्हटलं, आजचा एक दिवस कोंडा हिला. फक्त आज. नऊवर थांबलं तर तक्रार उडेल.

काकूंनी कात्री खाली ठेवली. मग गुंडीला उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं, दार ओढलं, आणि मशीनवर बसल्या. मी कापडाचं टोक धरलं. घड्याळ समोरच. चार वाजले. पलीकडे मामांच्या फाटकाचा आवाज झाला. ते निघाले. सव्वाचार. वीस.

आतून काही आवाज नाही. काकूंनी उठून दार किलकिलं केलं. गुंडी दाराशी, नाक फटीला लावून, ताठ बसली होती.

"ओरडली असती तर मी कान बंद केले असते रे," काकू म्हणाल्या. "ही नुसती बसलीय."

"काकू, उद्या सुनावणी आहे."

"माहीत आहे मला." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "जा बाई. तुझी वेळ झाली." मग मला म्हणाल्या, "तू पण जा. जाऊन लिही. खोटं नको लिहूस."

मी भिंतीवरून उडी मारून तिच्याआधी पोचलो. चार एकतीस. ती पंचवीस मिनिटं बसली. उकरलं नाही. कठड्यावर चढून त्या गोल डागाला नाक लावलं.

नाही लिहिलं तर कुणाला कळणार होतं? मामा फिरायला. साक्षीदार मी एकटा. मी पेन टेबलावर ठेवलं, उचललं, ठेवलं. पण ही पहिली गोष्ट आहे जी मी शेवटापर्यंत आणलीय. आणि ती बाई मला खोटं नको म्हणाली, जिचं सगळं ह्यात जाणार आहे. लिहिलं. नुकसान: नाही. शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं, मग समासात, मग पानाच्या मागे. वाचणार कोण आहे?

मामांनी फक्त आकडा बघितला. दहा. "शाब्बास," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

मला जेवण गेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मी भरकटेन.

नगर कार्यालय, पहिला मजला. टेबलामागे एक अधिकारीण बाई, सर्दीने हैराण, नाकाला रुमाल. आमच्या आधी एक कुत्र्याचं प्रकरण होतं. तो शेजाऱ्यांचे बूट पळवायचा, पण नेहमी डावेच. मला त्या मालकाला खूप काही विचारायचं होतं, पण मामांनी माझा दंड धरून ठेवला.

मामांनी नकाशा मांडला, हद्दी दाखवल्या, वही पुढे केली. बाईंनी नोंदी मोजल्या. "दहा. बरोबर आहेत." मग सर्दीमुळे जरा थांबल्या आणि थांबलेल्या असताना त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली.

"हे काय लिहिलंय? 'आतून कुणी हाक मारणार आहे'?"

"तो मुलगा जरा तसाच आहे," मामा म्हणाले. "शेरा सोडून द्या."

पण बाई वाचायला लागल्या. मोठ्याने. "'सहा तारीख. कठड्यावर पाय ठेवून आत डोकावली. बसली.' 'बारा तारीख. पाच वाजता उठली. भिंतीवर चढल्यावर एकदा वळून बघितलं.' 'अठरा. मी खिडकी उघडली तर शेपूट ताठ करून पुढे आली. मी दिसल्यावर थांबली. तिला दुसरं कुणीतरी हवं होतं.'" बाईंनी रुमाल खाली ठेवला. पान उलटलं. "'एकोणीस. आज उकरलंच नाही. कठड्यावर बशीएवढा गोल डाग आहे. त्यावर नाक ठेवून उभी राहिली. ही रोज साडेचारलाच का येते, आणि खिडकीखालीच का, आणि मामा फिरायला गेल्यावरच का, हे मला अजून कळलेलं नाही.'"

बाईंनी वही मिटली.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" बाईंनी शिवणकाकूंना विचारलं.

"नाही."

"मांजर जाईल तुमची."

"हो."

"मग बोला ना काहीतरी! कारण माहीत असेल तर सांगा."

"मी शब्द दिलाय," काकू म्हणाल्या. मामांकडे त्यांनी बघितलं नाही. जमिनीकडेही नाही. समोरच्या कपाटाच्या कुलपाकडे बघत होत्या.

मी मामांकडे बघितलं. मनात मोजताना त्यांचे ओठ हलतात. तसे हलत होते. साडेतीन, दोन, चार, सव्वापाच, असंच काहीतरी मोजत असावेत. मग हलायचे थांबले.

"बाई," मामा काकूंना म्हणाले. "किती वर्षं?"

काकू कुलपाकडेच बघत होत्या.

"मी विचारतोय. तुम्ही सांगत नाही आहात. मी विचारतोय. किती वर्षं?"

"नऊ."

"रोज?"

"तुम्ही वळणापलीकडे गेलात की."

अधिकारीण बाईंनी ह्यांच्याकडून त्यांच्याकडे बघितलं. "कशाबद्दल चाललंय हे?"

"फिरायला जाण्याबद्दल," मामा म्हणाले. "तक्रार मागे घेतो मी."

तक्रार मागे घ्यायलाही एक अर्ज असतो. त्यात कारणाचा रकाना असतो. मामांनी पेन काढलं, बराच वेळ ते कागदाच्या वर धरलं, आणि त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: तक्रारदाराकडून हद्द धरण्यात चूक झाली.

जिन्यावर ते कठड्याला धरून उतरत होते. मधेच म्हणाले, "गुडघे मात्र खरंच आखडले नाहीत माझे."

मी म्हटलं, "हो, चढतानापण दिसलं." त्यांनी मान हलवली. मी काहीतरी चुकीचं बोललो बहुतेक.

संध्याकाळी काकूंकडे गेलो आणि म्हटलं, मी गाढव आहे, मला नीट सांगा. त्यांनी सांगितलं. मामी रोज मामांना बाहेर काढून कठड्यावर बशी ठेवायची, दुधात कुस्करलेला पाव, आणि काकूही तेव्हा गप्पांना यायच्या. मामा परतायच्या आत बशी धुऊन फडताळात. कान चिरलेलं पिल्लू होतं तेव्हापासून. शेवटी आजारात काकूंचा हात धरून तिने शब्द घेतला होता की मामांना सांगायचं नाही. "रागावतील म्हणून नाही रे. रागाला ती कधी घाबरली नाही. पण त्यांना वाटेल, इतकी वर्षं मला प्रेमाने फिरायला पाठवायची ते ह्यासाठी होतं होय! तेवढं त्यांचं मोडायला नको, म्हणाली."

"पण मग खरं कशासाठी होतं? गुडघे की मांजर?"

काकूंनी माझ्या डोक्यात मोजपट्टीने हलकेच मारलं. "एका कापडात दोन झबली बसतात कधीकधी. बेतायला यावं लागतं."

२२ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज मामा फिरायला गेले नाहीत. दहा वर्षांत पहिल्यांदा. खिडकी उघडून, बशीत पाव कुस्करून, खुर्ची ओढून बसले. काल गुंडी भिंतीवर आली, ह्यांना बघितलं, आल्या वाटेने परत. आज तेच.

"मला ओळखत नाही ती," मामा म्हणाले.

"ओळखते. म्हणून तर जाते. तुम्ही घरात असलात की यायचं नाही, हेच शिकलीय ती."

हे बोलल्यावर वाटलं, बोलायला नको होतं. पण मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नोंद बरोबर आहे."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मामा चारला निघाले. बशी मी ठेवली. ती आली, खाल्लं, कठडा चाटूनपुसून साफ केला. सव्वापाचला मामा फाटकातूनच विचारत आत आले, "किती खाल्लं?" मी म्हटलं, सगळं. ते म्हणाले, "सगळं म्हणजे किती?"

गाजराच्या वाफ्यातल्या खुंट्या त्यांनी काल उपटल्या. उरलेली रोपं दुसरीकडे हलवली.  माझी गाडी शनिवारी सकाळी आहे. उत्तरेला एका ठिकाणी होड्यांची शिडं शिवायला माणसं हवी आहेत म्हणे, आणि टोक धरायला मी आता शिकलोय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ती आलीच नाही.

मामा सव्वापाचला आले, भरलेली बशी बघितली, आणि आत गेले. मला वाटलं झोपले. तर टेबलाशी बसून लिहीत होते. कागद घडी करून माझ्या हातात दिला. "बाईंना नेऊन दे."

मी वाटेत उघडला. मी उघडणारच होतो.

'सदर मांजर आज दि. २७ रोजी सायंकाळी ५.१५ पर्यंत निम्नस्वाक्षरीकाराच्या आवारात आलेले नाही. तरी कारणाचा खुलासा व्हावा.' खाली सही. तारीख.

शिवणकाकूंनी वाचला, आणि इतक्या हसल्या की तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या. मग हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. मग घाबरून म्हणाल्या, "अरे पण गेली कुठे?" दोघांनी शोधलं. मशीनखाली नाही, कपाटावर नाही. एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांचा ढीग होता, त्यातून शेपटीचं टोक दिसलं. दिवसभर झोपली होती महाराणी.

काकूंनी तिला उचललं. मला वाटलं भिंतीपाशी नेऊन सोडतील. पण त्या रस्त्यावर आल्या, वळल्या, आणि मामांच्या पुढच्या फाटकातून सरळ आत. मी मागे.

मामा दारात उभे होते. कागदाचं उत्तर कागदाने येईल असं त्यांना वाटलं असावं. बाई आणि मांजर दोघी समोर बघून काय करावं ते कळेना. हात पुढे केले, मागे घेतले. मग दारातून बाजूला झाले.

काकू आत आल्या. गुंडी त्यांच्या खांद्यावरून त्या घराकडे बघत होती, ज्याच्या आत ती कधीच आली नव्हती.

"बसा," मामा म्हणाले. मग उभ्याउभ्याच, खुर्चीची पाठ धरून: "बाई, मी हिशेब केला. रोज सव्वा तास, नऊ वर्षं. तेवढा वेळ ती ह्या घरात होती आणि मी नव्हतो. तुम्ही होतात. मला ते हवंय."

"काय हवंय, मोजणीदार?"

"काय काय व्हायचं ते. ती काय बोलायची. सुरुवातीपासून सांगा."

काकूंनी मांजर खाली ठेवली. ती खोलीच्या कडेकडेने चालत गेली, प्रत्येक कोपरा हुंगत. मी जाऊ का थांबू, कळेना. पिशवी भरायची होती. मी दारातच खाली बसलो.

"पहिल्या दिवशी ती तुमच्या मागोमाग वळणापर्यंत आली होती," काकू म्हणाल्या. "खरंच जाताय ना, ते बघायला. तिथे उभी राहून पाठमोरे दिसेनासे होईपर्यंत बघत होती. तुम्ही वळलाच नाहीत."

"नाही वळलो," मामा म्हणाले. ते खुर्चीत बसले. "पुढे?"